श्रीयुत क हाजीर व्हा

हे सगळं ज्याचं आहे त्याला विचारूनच सांगते आहे. त्याची एकच अट होती, नाकाचा भाग गाळायचा नाही. बरं, नाही गाळत.

साल २००७. मी तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक होते. एचआयव्हीच्या तपासणीला आलेल्या माणसाशी आधी बोलायचं, रिपोर्ट आला की पुन्हा बोलायचं, आणि तो काय बोलला ते कुणालाही, कधीही सांगायचं नाही, ही माझी नोकरी. आमच्या बंजारा तांड्यावर ती कुणाला समजावून सांगता आली नाही. याडी, म्हणजे माझी आई भिकाबाई, बायकांना सांगायची की आमच्या संगिताला बोलायचा पगार मिळतो. बायका म्हणायच्या, आन आमी फुकट बोलून राहिलो.

एप्रिलमध्ये पुण्याहून पाकीट आलं. आत एक सीडी, तिच्यावर 'समुपदेशनातील नीतिमूल्ये', आणि मॅडमचं पत्र. या मॅडम दर वर्षी हिंगोलीला यायच्या, आम्हा वीस समुपदेशकांना दोन दिवस शिकवायच्या आणि आम्ही वीस जण दोन दिवस जेवणाच्या सुट्टीची वाट बघायचो. त्यांना हे कळलं असावं. या वर्षी त्यांनी वर्गच उलटा करायचं ठरवलं होतं. व्याख्यान आम्ही घरी बघून यायचं, आणि वर्गात त्या अजिबात शिकवणार नाहीत, आम्हीच बोलायचं, भांडायचं, डोकं चालवायचं. कल्पना वाईट नव्हती. फक्त सीडी बघायला मशीन लागते, मशीनला लाईट लागते, आणि पुण्यात या दोन्ही गोष्टी भिंतीतून येत असाव्यात. डोंगरकड्याच्या पलीकडं आमच्या तांड्यावर लाईट कधी येणार ते लाईटलाही माहीत नसायचं.

बाकीच्यांनी सीडीचं काय केलं ते मला नंतर कळलं. एकीनं कुरडयांच्या वाळवणावर चिमण्या बसू नयेत म्हणून दोरीला टांगली. कुरुंद्याच्या संतोषनं मोटारसायकलच्या मागं बांधली, कारण त्याचा मागचा दिवा फुटला होता. मला मात्र ती बघायचीच होती. माझं कारण वेगळं होतं.

फेब्रुवारीत माझ्या केंद्रात योगेश नावाचा पोरगा येऊन गेला होता. सव्वीस वर्षांचा, साखऱ्याजवळच्या तांड्याचा. आपला तालुका सोडून मुद्दाम आमच्याकडं आला होता, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला. कुठून झालं, कसं झालं, ते फायलीत आहे आणि फायलीतच राहील. तो रडला, मी पाणी दिलं, औषधांचं समजावलं, पुढची तारीख दिली.

तीन आठवड्यांनी आमच्या घरी शिलाला बघायला पाहुणे आले. शिला माझी धाकटी बहीण. मी चहा घेऊन बाहेर आले तर पाहुण्यांच्या मधोमध योगेश बसलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बिचाऱ्याचं तोंड पांढरंफटक पडलं. माझ्या हातातले कप वाजायला लागले. याडीला वाटलं, मोठी अजून बिनलग्नाची आणि धाकटीचं ठरून राहिलं, म्हणून पोरीचा जीव तुटतोय. तिनं मला आत नेऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर दोन्हीकडच्या लोकांनी गूळ खाल्ला. आमच्यात गूळ खाल्ला म्हणजे लग्न ठरलं.

पुढच्याच सोमवारी मी योगेशला केंद्रात बोलावलं आणि दार लावून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. समुपदेशनाच्या कुठल्या नियमात ते बसतं ते मला विचारू नका. म्हटलं, पोरीला सांग, नाही तर लग्न मोड. तो म्हणाला, पुढल्या आठवड्यात सांगतो. पुढल्या आठवड्यात म्हणाला, अमावास्या होऊ द्या. मग म्हणाला, बापाची तब्येत बरी न्हाई. लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात होतं.

मी काय करायला पाहिजे होतं? घरी जाऊन एक वाक्य बोलले असते तर बहीण वाचली असती. पण एकदा ते वाक्य तोंडातून गेलं की आख्ख्या तालुक्यातलं कुत्रंसुद्धा माझ्यापुढं तपासणीला बसलं नसतं, आणि न बसणारी माणसं मेली असती. शिला मला साड्या दाखवायची, ही चांगली का ती चांगली, आणि मी दोन्ही चांगल्या म्हणायचे. त्या सीडीत कुठंतरी उत्तर असेल, असं मला वाटत होतं. बुडणाऱ्या बाईला पुण्याची मॅडमही चालते.

आता सीडीची मशीन आणायची कुठून? याडीच्या माहितीत व्हीसीडी, रंगीत टीव्ही आणि जनरेटर असा सगळा सेट भाड्यानं देणारा एकच जण होता. व्हय, तोच. याडीनं मला न विचारताच जावयाला निरोप धाडला. घरचा सेट असताना परक्याचा काहून आणायचा, असं तिचं म्हणणं. रविवारी दुपारी योगेश टेम्पोत सेट घालून हजर. थावरा नायकांचा, म्हणजे आमच्या तांड्याच्या प्रमुखांचा, गोठा रिकामा केला, खिडक्यांना पोती लावली, आणि पिक्चर आहे म्हणून आख्खा तांडा आत येऊन बसला. मी चारदा सांगितलं की हा पिक्चर नाही. कुणी ऐकतंय होय?

पडद्यावर मॅडम आल्या. मागं एक कुंडी. पहिली दहा मिनिटं लोकांनी मॅडम उठून नाचायची वाट बघितली. नंतर हरिचंदनं, हा आमच्या तांड्यातला दहावी पास आणि त्याचा फार माज असलेला माणूस, मोठ्यानं विचारलं की हाणामारी किती वाजता आहे. योगेश मशीनजवळ खाली मान घालून बसला होता. मी बायकांमध्ये, शिला माझ्या शेजारी.

मग मॅडम म्हणाल्या, एक उदाहरण घेऊ. श्रीयुत क, वय सव्वीस, एचआयव्ही पॉझिटिव्ह. महिन्याभरात त्याचं लग्न आहे. मुलीला काही माहीत नाही. समुपदेशकाला तो म्हणतो, कुणाला सांगू नका. समुपदेशकानं काय करावं? विचार करा आणि वर्गात या. धन्यवाद.

आणि पडदा निळा झाला.

उत्तर न देताच बाई कुंडी घेऊन गेली. गोठ्यात मात्र दंगा उठला. पुढं काय झालं? पोरीचं काय झालं? सीडी उलटी करून लाव म्हणाले, मागच्या बाजूला असंल. योगेशनं सांगितलं की मागं काही नसतं. तेव्हा थावरा नायक काठी टेकत उभे राहिले.

आमच्यात भांडणाचा न्याय नसाब करते. नायक आणि चार जाणती माणसं बसतात, दोन्ही बाजू समोर उभ्या करतात, आणि निकाल लावल्याशिवाय कुणी उठत नाही. प्रकरण ऐकलं आणि अर्धं सोडून घरी गेलं, असं आमच्या तांड्यात कधी झालेलं नाही. पुण्याच्या बाईनं पोरीचं वाटोळं होताना दाखवलं आणि निकाल न लावता निघून गेली, हे नायकांना पटणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, नायक, तो माणूस खरा नाही, उदाहरण आहे. ते म्हणाले, खोट्या माणसाचं लग्न असतं का? बसा खाली. नसाब बसली आहे.

मग अडचण आली. नसाबीत माणूस समोर नसताना निकाल लागत नाही. श्रीयुत क पुण्यात. त्याच्या वतीनं कुणीतरी उभं राहायला हवं, आणि असा, ज्याचं इथं कुणाशी भाऊबंदकीचं नातं नाही. सगळ्यांनी इकडं तिकडं बघितलं. परक्या तांड्याचा माणूस गोठ्यात एकच होता.

"जावईबापू," हरिचंद हसत म्हणाला, "तुमी व्हा क."

बायका खिदळल्या. शिलानं तोंडाला पदर लावला. मी उठून काहीतरी बोलणार होते, जनरेटर बंद करा, आग लागली, काहीही, पण योगेश तोपर्यंत उभा राहिला होता. नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी काहून म्हणून विचारलं असतं.

नायकांनी विचारलं, "बोल क. पोरीला काहून सांगत न्हाईस?"

योगेश मशीनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. पोरं हसत होती, सासुरवाडीत लाजतोय म्हणून. मग तो बोलला. "क म्हणतो, मला भ्याव वाटतं. लग्नाला न्हाई म्हणलं तर बाप काहून म्हणून इचारंल. खरं सांगितलं तर माझ्या आईच्या हातचं पानी कुणी पिणार न्हाई. मला मराची एवढी तकलीफ न्हाई. पन आईला विहिरीवरून हाकलून देतील."

कुणी हसलं नाही. पोरगा नक्कल भारी करतोय, असं मागं कुणीतरी पुटपुटलं.

पोरीच्या बाजूनं कोण, असं नायकांनी विचारलं आणि उठली कोण, तर माझी याडी. "तुझं भ्याव मला कळलं," ती म्हणाली. "पन ते तू माझ्या पोरीच्या गळ्यात बांधून राहिला. तिचा काय गुन्हा? तिला इचार तरी."

एकानं सुचवलं की सगळा दोष त्या बोलायचा पगार घेणाऱ्या बाईचा आहे, तिनं माईकवरून सांगून टाकावं. सगळे माझ्याकडं वळले. नायकांनी विचारलं, सांग बाई, ती काहून बोलत न्हाई?

मी उभी राहिले. "ती आज बोलली," मी म्हटलं, "तर उद्या तिच्यापुढं तुमच्यातलं कोण बसंल?"

तिघं माना खाली घालून जमीन उकरत होते. ते तिघं माझ्यापुढं बसून गेले होते, आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं.

निकाल लागला. हरिचंदनं तो वहीच्या पानावर लिहिला आणि खाली नायकांचा अंगठा घेतला. बोलायचा पगार घेणाऱ्या बाईनं तोंड बंद ठेवावं. क-नं आठ दिवसांत पोरीला स्वतः सांगावं. पोरगी नाही म्हणाली तर गूळ मोडल्याचा दंड तिच्या घरावर पडणार नाही. आणि क-नं खरं सांगितलं तर त्याच्या घरचं पाणी कुणी तोडायचं नाही. पान माझ्याकडं दिलं, पुण्याच्या बाईला दाखव म्हणून. योगेशनं सेट टेम्पोत घातला आणि चहा न पिता गेला. याडी म्हणाली, पोरगं गुणाचं आहे.

सातव्या दिवशी शिला आणि योगेश माझ्या केंद्रात आले. तो तिला मोटारसायकलवर घेऊन आला होता, सगळ्या तांड्यादेखत, त्याची बोंब आधीच उठली होती. त्यानं मला फक्त बसायला सांगितलं आणि शिलाला सगळं सांगितलं. स्वतःच्या तोंडानं, एकही अमावास्या मध्ये न आणता.

शिलानं विचारलं, "तुझ्या आईला माहीत हाय?"

"न्हाई."

"कुणालाच?"

त्यानं मान हलवली. तिनं माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाली की ती लग्न करणार नाही, आणि काहून ते कुणाला सांगणार नाही. योगेश गेल्यावर ती माझ्याकडं वळली. तुला कधीपासून माहीत होतं, असं विचारलं. मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही. तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की निळं आठ दिवस गेलं नाही. मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. मीही रडले. बाहेर तीन पेशंट बाकावर बसून होते.

आता तुम्ही म्हणाल, निकाल तर आधीच लागला होता, पोरीवर दंड नाही. बराबर. तो निकाल माझ्या पर्समध्ये होता, अंगठ्यासकट. पण तो दाखवायचा म्हणजे क कोण ते सांगायचं. दोन्ही तांड्यांची नसाब बसली, शिलाला मध्ये उभं केलं, नायकांनी विचारलं, गूळ खाऊन न्हाई काहून म्हणतेस? पोराचा गुन्हा काय?

शिला म्हणाली, "त्याचं नाक मला आवडत न्हाई."

अख्खी नसाब गार. योगेशचं नाक तसं भाकरीवर बोट दाबल्यासारखं होतं, पण म्हणून कुणी लग्न मोडतं? योगेश खाली मान घालून उभा. त्यानं एकदा तोंड उघडलं तर शिलानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मिटलं. दंड लागला, दोन बोकडं आणि साखऱ्याच्या तांड्याला जेवण. आमच्याकडं तीन बोकडं होती. याडीनं शिलाला मारलं नाही, बोलतही नव्हती. मला मात्र पंगत वाढता वाढता सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढी शिकलीस, बोलायचा पगार घेतीस. बहिणीला चार शब्द समजावून सांगता आले न्हाई तुला?" मी पातेलं उचललं आणि पुढच्या पानाकडं गेले. एवढं जड पातेलं मी आयुष्यात उचललं नाही.

मग हिंगोलीचा वर्ग. वीसपैकी तिघांनी सीडी पाहिली होती. मॅडमनी आम्हाला गोल बसवलं आणि उलट्या वर्गात जो तो आपापला अनुभव सांगायला लागला, अर्थात नावं बदलून. संतोष म्हणाला, समजा एक बाई आहे, नाव समजा पारुबाई, कुरुंद्याची, हळदीचा मोठा कारभार, डाव्या पायानं लंगडते, नवरा मागच्या वर्षी सरपंचकीला पडला. आख्खा वर्ग म्हणाला, अगं बाई, तिला? मॅडमनी संतोषला सविस्तर मांडणीबद्दल शाबासकी दिली.

माझी पाळी आली. मी सीडी तांड्यावर दाखवल्याचं सांगितलं आणि निकालाचं पान दिलं. मॅडमना इतका आनंद झाला की त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, उलटा वर्ग म्हणतात तो हाच. मग म्हणाल्या, लोकांनी चर्चेतून काय घेतलं? प्रत्यक्ष कुणाच्या वागण्यात बदल दिसला का?

शिलाचं नाक, बोकडं, पातेलं, सगळं जिभेच्या टोकाशी आलं. एकदा तरी कुणीतरी माझ्या बहिणीला शाबास म्हणावं, असं फार फार वाटलं. मी म्हटलं, "माहीत नाही, मॅडम." त्यांनी त्या पानावर लाल पेनानं लिहिलं, 'अपूर्ण', आणि मला परत दिलं.

पुढची दोन वर्षं शिलाला सगळे नाकवाली म्हणायचे. बाजारात पोरं तिला बघून आपली नाकं झाकायची. दोन स्थळं आली आणि त्या नाकापायी गेली. ती कधी एक शब्द बोलली नाही.

२००९ च्या उन्हाळ्यात एका रविवारी योगेश टेम्पो घेऊन तांड्यावर आला. या खेपेला टेम्पोत सेट नव्हता, त्याची आई होती. औषधं चालू होती, अंगानं भरला होता. नायकांना म्हणाला, नसाब बसवा. माणसं गोळा झाली. तो मध्ये उभा राहिला.

"दोन वर्षांपूर्वी तुमी माझा निकाल लावला होता," तो म्हणाला. "मी क. पोरीला मी मुदतीत सांगितलं होतं. तुमाला सांगायला एवढे दिवस लागले. तिनं मला झाकायला नाक पुढं केलं."

नायकांनी कागद मागितला. तो माझ्या पर्समध्येच होता, लाल 'अपूर्ण'सकट. हरिचंदनं वाचला. पोरगी नाही म्हणाली तर दंड नाही. तिथं येऊन तो अडखळला, कारण त्या बोकडांचं मटण त्यानंही खाल्लं होतं. मग पुढचं वाचलं, पाणी कुणी तोडायचं नाही. सगळे ऐकत होते आणि कुणी जागचं हललं नाही. योगेशची आई टेम्पोजवळ उन्हात उभी होती.

याडी उठली. तिनं तांब्या भरला, योगेशच्या आईला नेऊन दिला. ती थोडं प्याली. उरलेलं याडी तिथंच उभी राहून प्याली, तोंड लावून. मग परत येताना शिलाजवळ थांबली. तिचा पदर नीट केला, जरा जास्तच वेळ. शिला रडता रडता म्हणाली की नाक खरंच वाईट आहे, आणि योगेश पहिल्यांदा हसला.

मग याडी माझ्यापाशी आली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"ते मी सांगू शकत न्हाई, याडी."

तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला, शिलानं काढला होता बरोबर त्याच जागी, आणि हात तिथंच ठेवून माझ्या शेजारी बसून राहिली.